माशाच्या तेलाच्या गोळ्या: खरंच फायदा होतो का? (आणि सासऱ्यांना सांगायचं कसं?)

शिकंजी (शनिवार, रात्री १०.४०)

नमस्कार मंडळी. तीन वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही इंदूरचे, माझं सासर-माहेर दोन्ही इथलंच. मोठे भाऊजी अमेरिकेत असतात. दिवाळीला आले आणि बाबांचा (सासऱ्यांचा) रिपोर्ट बघून हादरले. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २९०. बाबा ७१ वर्षांचे, बीपीची एक गोळी चालू, शुगर काठावर, हृदयाचा त्रास कधी नाही. भाऊजी जाताना ३०० कॅप्सूलची भली मोठी बाटली ठेवून गेले. "ओमेगा आहे, रोज एक, जेवणानंतर." सासूबाई दर रविवारी गोळ्यांच्या सात खणी डबीत ती भरतात. बाबांना वाटतं व्हिटॅमिन आहे.

परवा बाटली पुसताना बारीक अक्षरं वाचली. माशाचं तेल!

आमच्याकडे अंड्याचा केकसुद्धा गॅलरीत उभं राहून खावा लागतो. बाबा चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत. नवरा म्हणतो, "फायदा होत असेल तर बोलू नकोस, होत नसेल तर गुपचूप बंद कर." म्हणून आधी हे विचारते की फायदा होतो का? बाकीचं नंतर बघू.

भियाजी (१०.५२)

पहिला! रुमाल टाकून ठेवतो.

भिया, पोहे-जिलबीवर २९० म्हणजे इंदुरात पासिंग मार्क आहेत. आमचे काका ४०० घेऊन सराफ्याच्या खाऊगल्लीत फिरून राहिले आहेत.

नस्ती उठाठेव (११.०५)

गॅलरीतला केक वाचून हसून हसून पुरेवाट. बाकी सप्लिमेंट म्हणजे महागडी लघवी, एवढंच माझं मत. संपलं.

कवठी चाफा (रविवार, सकाळी ७.१५)

शिकंजी, माझं बालपण इंदूरच्याच रामबागेतलं, पासष्ट सालच्या आसपासचं. घरात सोवळंओवळं इतकं की पाणी भरायचं तर आधी हात धुऊन या. पण थंडी सुरू झाली की आजी स्वतः चमच्याने कॉड लिव्हर ऑइल पाजायची. नाक दाबून घ्यायचं आणि वर लगेच गुळाचा खडा. बाजारात एक पांढरं इमल्शनही मिळायचं, त्याच्या बाटलीवर पाठीवर भला मोठा मासा घेतलेला माणूस होता. ती बाटली आमच्या देवघराशेजारच्या फडताळात असायची! मी एकदा विचारलं, "आजी, हा मासा ना?" तर म्हणाली, "औषध आहे ते. औषधं जाह्नवीतोयं." विषय संपला.

तेव्हा सांगायचं काय त्यात, औषध म्हणा आणि मोकळ्या व्हा.

नस्ती उठाठेव (७.४०)

चाफाताई, आजींना साष्टांग नमस्कार, पण श्लोक उलटा लावलाय. शरीर जर्जर झालं, रोगांनी घेरलं की गंगाजल हेच औषध आणि नारायण हाच वैद्य, असा तो श्लोक आहे. म्हणजे आता गोळ्या पुरे, देवाचं नाव घ्या. प्रत्येक औषध गंगाजल असतं असं त्यात कुठेच नाही.

कवठी चाफा (७.५८)

आजीला सांगायला हवं होतं तुम्ही. चमचा तुमच्याही तोंडात गेला असता.

दवाबाजारी काका (९.२०)

३८ वर्षं दवाबाजारात काउंटरमागे काढली, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

चाफाताई म्हणतात ते कॉड लिव्हर ऑइल वेगळं आणि हे वेगळं. ते माशाच्या यकृतातून काढतात, त्यात ए आणि डी जीवनसत्त्व भरपूर. पोरांना मुडदूस होऊ नये म्हणून द्यायचे, हृदयाशी त्याचा संबंध नव्हता. ए जास्त झालं तर बाधतं, गरोदर बाईने तर ते मनाने घेऊच नये. आत्ताचं फिश ऑइल माशाच्या अंगातल्या चरबीचं, त्यात काम करतात ते ईपीए आणि डीएचए, हीच ती ओमेगा-३.

आता बाटली उलटी करा. पुढे १००० लिहिलेलं असेल, तो आकडा तेलाचा. मागे ईपीए किती, डीएचए किती ते बघा. गिऱ्हाईक हजार वाचून खूश होतं आणि मागची बाजू वाचतच नाही. दुकानदारही वाचून दाखवत नाही, मीही दाखवली नाही कधी, खोटं कशाला बोलू.

आणि हिरवा ठिपका-तपकिरी त्रिकोण आपल्याकडच्या मालावर असतो. परदेशातून बॅगेत आलेल्या बाटलीवर कुठून असणार? म्हणून तुमच्या घरात कुणाच्या लक्षात आलं नाही.

शिकंजी (९.४५)

काका, बघितलं. ईपीए १८०, डीएचए १२०.

दवाबाजारी काका (९.५१)

म्हणजे ३००. बाकी ७०० मिलिग्रॅम नुसतं तेल. सगळ्यात जास्त खपणारा माल हाच.

पी-मूल्य (११.३०)

जरा लांब लिहितो, चहा घेऊन बसा.

ही कथा ग्रीनलंडपासून सुरू होते. १९७०च्या सुमारास बँग आणि डायरबर्ग हे दोघे डॅनिश संशोधक तिथल्या इनुइट लोकांचं रक्त तपासायला गेले. हे लोक सील आणि मासे खाऊन चरबीवर जगतात, तरी रक्तातली चरबी कमी. मग हृदयविकारही कमी असणार, असं मानलं गेलं. पुढे आक्षेप आला की हृदयविकार किती आहे हे त्यांनी स्वतः मोजलंच नव्हतं, सरकारी नोंदींवर भिस्त होती. पण तोवर गोष्ट जगभर पसरली होती.

१९९९ साली इटलीत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या ११ हजारांवर रुग्णांना रोज साधारण एक ग्रॅम ओमेगा-३ दिलं, मृत्यू कमी झाले. तिथून दुकानं भरली. पण तेव्हा स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्या, घेणारे कमी होते. पुढच्या चाचण्यांमध्ये चित्र फिकट होत गेलं. २०१८ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. 'व्हायटल'मध्ये २५,८७१ साधारण निरोगी माणसं, पाच वर्षांहून जास्त काळ. 'असेंड'मध्ये १५,४८० मधुमेही, सात वर्षांहून जास्त. दोन्हीकडे रोज एक कॅप्सूल, आणि तीही शिकंजींच्या बाटलीतल्यापेक्षा पावणेतीन पट जोरकस, ८४० मिलिग्रॅमची. मुख्य प्रश्नाचं उत्तर दोन्हीकडे तेच: हृदयविकार, पक्षाघात वगैरे मिळून फरक पडला नाही. 'व्हायटल'मध्ये नुसते हार्ट अटॅक मोजले तर कमी दिसले, विशेषतः मासे न खाणाऱ्यांत. पण ते उपप्रश्नाचं उत्तर, मुख्य प्रश्नाचं नव्हे.

मग ट्रायग्लिसराइड जास्त असलेल्यांचं काय? तिथे खरी मारामारी आहे. 'रिड्यूस-इट' नावाच्या चाचणीत ८,१७९ जणांना स्टॅटिनच्या जोडीला रोज ४ ग्रॅम शुद्ध ईपीए दिलं, हृदयविकार-पक्षाघातासारख्या घटना २५ टक्क्यांनी कमी. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध आहे ते, भाऊजींची बाटली नव्हे. दोन वर्षांनी 'स्ट्रेंग्थ'मध्ये १३,०७८ जणांना ४ ग्रॅम ईपीए-डीएचए दिलं, तर काही हाती लागत नाही म्हणून चाचणी मध्येच थांबवली. एक पक्ष म्हणतो पहिलीत तुलनेसाठीच्या गटाला डमी (औषधाऐवजी नकली कॅप्सूल) म्हणून खनिज तेल दिलं, त्यानेच डमीवाल्यांचं कोलेस्टेरॉल बिघडलं, म्हणून औषध चांगलं दिसलं. दुसरीत डमी मक्याचं तेल होतं. वाद अजून चालू आहे.

भियाजी (११.४४)

म्हणजे तेल चांगलं की वाईट हे समोरच्याला कुठलं तेल पाजलं त्यावर ठरणार? हे तर आमच्या गल्लीतल्या कचोरीवाल्यांसारखं झालं.

नस्ती उठाठेव (११.५०)

बघा! मी काल रात्रीच म्हटलं होतं. थोतांड.

पी-मूल्य (दुपारी १२.१०)

थोतांड म्हटलं नाही हो मी. दोन ते चार ग्रॅम ओमेगा-३ घेतलं तर ट्रायग्लिसराइड २० ते ३० टक्के उतरतात, याबद्दल वाद नाही. वाद एवढाच की आकडा उतरल्याने माणूस वाचतो का. आणि ३०० मिलिग्रॅमने तर आकडाही हलणार नाही.

दवाबाजारी काका (१२.१८)

चार ग्रॅमसाठी या बाटलीतल्या रोज तेरा-चौदा कॅप्सूल लागतील.

भियाजी (१२.२०)

सात खणांची डबी पुरायची नाही. टिफिन लागेल.

जिमखाना (१.३५)

मी रोज तीन घेतो. गुडघे मस्त, रिकव्हरी मस्त. तुम्ही कागद वाचा, मी स्क्वॉट मारतो.

मालवणातून माळव्यात (२.१०)

जिमखाना, गुडघे वयाने मस्त आहेत तुझे. चाळिशीनंतर ये.

माझं माहेर मालवण, सासर इंदूर, लग्नाला एकोणीस वर्षं झाली. पहिल्या वर्षी मी रोहूचा तुकडा तोंडात घालून रडले होते. नवऱ्याला वाटलं काटा लागला.

मुद्दा असा की मासा कुठला ते बघा. बांगडा, तारली, पेडवे हे तेलकट मासे. तारली तव्यावर टाकली की स्वतःचंच तेल सोडते. पापलेट चवीला राजा, पण तेलात मागे. इकडचे रोहू-कटला तर आणखी मागे, आणि त्यांना बुडवून तळलं की उरलं काय? आठवड्यातून दोनदा मासे खा असं अमेरिकेतले हृदयवाले सांगतात, ते ताटातल्या माशांबद्दल. त्याबरोबर प्रोटीन येतं, डी येतं, आणि त्या दिवशी ताटात पनीर-मखनी नसते. कॅप्सूल कशाचीच जागा घेत नाही, ती शेव-परमलवर आणखी एक चढते, बस.

माझा भाऊ अवंतिका एक्स्प्रेसने येतो तेव्हा थर्मोकोलच्या डब्यात बर्फ घालून बांगडे आणतो. डबा उघडला की अख्ख्या सोसायटीला कळतं मामा आले.

शिकंजी (२.३०)

ताई, वास इकडपर्यंत आला 😀 पण मग हे गोळीतलं तेल कुठल्या माशाचं?

मालवणातून माळव्यात (२.४१)

जास्त करून अँचोव्ही, बोटाएवढा मासा. जगात सगळ्यात जास्त पेरूच्या किनाऱ्यावर पकडतात. २०२३ मध्ये तिकडे एल निनोमुळे वर्षाचा पहिला हंगामच रद्द केला तर जगभर माशाचं तेल महागलं.

भियाजी (२.४३)

पेरूचं तेल! शिकंजीताई, प्रश्न सुटला. बाबांना सांगा फळ आहे.

कवठी चाफा (२.५०)

भियाजी 😂😂

सोयासम्राट (४.०५)

शाकाहारी माणसाला मासा कशाला पाजता? जवस आहे ना! आपल्या मध्य प्रदेशात पिकते, इथे अलसी म्हणून किलोवर मिळते. आमच्या घरी जवसाची चटणी रोज.

पी-मूल्य (४.३०)

जवस चांगलीच, पण तिच्यातलं ओमेगा-३ वेगळं, एएलए. शरीर त्यातून ईपीए बनवतं ते शेकड्याला जेमतेम पाच-दहा, डीएचए त्याहून कमी. एक टेबलस्पून जवसाच्या पुडीत दीड ग्रॅमच्या वर एएलए असतं, रोजची गरज तेवढ्यात भागते. पण दळून खा. अख्खी जवस जशी जाते तशीच बाहेर येते.

सोयासम्राट (४.४२)

आणि सोयाबीन तेल? अख्खा माळवा त्यावर तळतो.

पी-मूल्य (४.५५)

त्यात सात टक्क्यांच्या आसपास एएलए आहे, मोहरीच्या तेलात थोडं जास्त, शेंगदाण्याच्या तेलात नावालाही नाही. पण म्हणून कचोरीला पथ्य म्हणू नका, प्लीज.

शुद्ध शाकाहारात थेट डीएचए-ईपीए हवं असेल तर शेवाळाचं तेल मिळतं. मासेही ते शेवाळातूनच मिळवतात, स्वतः बनवत नाहीत.

दवाबाजारी काका (५.१०)

त्यातही कवच बघा. तेल शेवाळाचं आणि कवच जिलेटिनचं असं असू शकतं. जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडं-कातडी. आणि आता बोललोच आहे तर, शिकंजीताई, बाबांनी आयुष्यात तापाच्या, अँटिबायोटिकच्या ज्या कॅप्सूल घेतल्या त्यातल्या बहुतेकांचं कवच तेच होतं.

शिकंजी (५.१२)

काका!! हे मी आता कुणाला सांगू?

नस्ती उठाठेव (५.३०)

इथेच मुद्दा येतो. जिलेटिन माहीत नव्हतं, ते नकळत गेलं. हे तुम्हाला माहीत आहे आणि रोज रविवारी डबीत भरलं जातंय. फायदा शंभर टक्के असता तरी मी सांगाच म्हटलं असतं. ७१ वर्षांचा माणूस आहे, बाळ नाही. आणि सुनेने का सांगायचं? ज्याने बाटली आणली त्याने फोन करावा.

कवठी चाफा (५.४८)

पहिल्यांदा तुमच्याशी सहमत. आजी आम्हाला फसवत नव्हती, बाटलीवर मासा छापलेला होता.

रामबागी (६.३०)

असहमत. माझ्या वडिलांना सांगितलं असतं तर त्यांनी बीपीची गोळीसुद्धा सोडली असती, "तुम्ही काय काय घालता कुणास ठाऊक" म्हणून. वडीलधाऱ्यांचा विश्वास एकदा उडाला की औषधाच्या डब्याला कुलूप लागतं. गुपचूप बंद करा.

नस्ती उठाठेव (६.३४)

विश्वास उडू नये म्हणून लपवायचं? वा.

रामबागी (६.३५)

तुमच्या घरी म्हातारी माणसं आहेत का हो?

नस्ती उठाठेव (६.५०)

आहेत. मीच.

स्टेथोवाला बडोदेकर (सोमवार, रात्री ९.१५)

बडोद्याला फिजिशियन आहे. पेशंट न बघता सल्ला देत नाही, पण चार गोष्टी सर्वसाधारण.

रिपोर्ट दिवाळीच्या आठवड्यातला ना? दहा-बारा तास उपाशी राहून रक्त दिलं होतं का? करंजी, चिरोटे, श्रीखंड यांच्या मागोमाग काढलेले ट्रायग्लिसराइड म्हणजे लग्नाच्या मांडवात घेतलेलं वजन. दोन महिने नेहमीचं जेवण, साखर-मैदा कमी, रोज चालणं, मग पुन्हा बघा. १५० च्या आत हवं, २९० जास्तच आहे, पण घाबरायचं ते ५०० च्या पुढे, कारण तिथून स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका वाढतो. शुगर काठावर आहे म्हणता, तर तीन महिन्यांची सरासरी आणि थायरॉइडही बघून घ्या. बऱ्याचदा चोर तिथे सापडतो.

फिश ऑइल निरुपद्रवी आहे असं समजू नका. मोठ्या डोसने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा प्रकार, एट्रियल फिब्रिलेशन, वाढतो. वर उल्लेख आलेल्या 'रिड्यूस-इट'मध्ये त्यासाठी रुग्णालयात जावं लागणारे ३.१ टक्के होते, डमीवाले २.१. बाबांना धडधड होते का, विचारा. रक्त पातळ करणारी गोळी कुणी घेत असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल, तर डॉक्टरला या कॅप्सूलबद्दल सांगाच. पेशंट "औषध काही नाही" म्हणतात आणि पिशवीतून चार डबे निघतात.

जिमखाना, संधिवातातल्या आमवातात, म्हणजे रूमॅटॉइडमध्ये, मोठ्या डोसने सकाळचा आखडलेपणा थोडा कमी होतो. झिजलेल्या गुडघ्याला तेवढा आधार नाही.

कवठी चाफा (९.४०)

डॉक्टर, माझे डोळे कोरडे पडतात म्हणून मैत्रिणीने हेच घ्यायला सांगितलंय.

स्टेथोवाला बडोदेकर (९.५५)

त्याचीही चाचणी झाली, निकाल २०१८ चाच. एक वर्षभर रोज ३ ग्रॅम दिलं. डमी म्हणून ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांनाही तितकंच बरं वाटलं. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

जिमखाना (१०.०५)

ओके डॉक. पण ढेकराला मासळीचा वास येतो त्यावर काही?

दवाबाजारी काका (१०.१२)

भरल्या पोटी घे, थंड ठेव. तरी वास उग्र असेल तर एक कॅप्सूल फोडून हुंग. खवट असेल तर सगळी बाटली फेक. तेल आहे ते, उन्हात ठेवलं की बिघडतं. आपल्याकडे मे महिन्यात डिलिव्हरीवाल्याच्या खोक्यात किती वेळ असतं कुणाला माहीत.

शिकंजी (बारा दिवसांनी, रात्री ११.०५)

सगळ्यांचे आभार. अपडेट देते.

बडोदेकर डॉक्टरांचं वाचून आमच्या डॉक्टरांकडे गेलो. रक्त खरंच उपाशीपोटी दिलेलं नव्हतं, सासूबाईंनी सकाळी "एवढीशी" अनारशाची जोडी दिली होती. सरासरी शुगर ६.३ निघाली, थायरॉइड ठीक. डॉक्टर म्हणाले कॅप्सूलची गरज नाही, साखर आवरा, चाला, दोन महिन्यांनी या.

सांगायचं मात्र मलाच लागलं. भाऊजींनी "तूच सांग ना, तू जवळ आहेस" म्हणून फोन ठेवला (नस्ती उठाठेव, तुमची आठवण झाली). संध्याकाळी चहा देताना सांगितलं. बाबा गप्प. मग विचारलं, "एकादशीलाही?" मी हो म्हटलं. परत गप्प. मग म्हणाले, "कुठला मासा?" माझ्या तोंडून गेलं, "पेरूचा." बाबा माझ्याकडे बघतच राहिले. मग देश-पेरू, फळ-पेरू सगळं समजावता समजावता मलाच हसू फुटलं आणि तेही हसले.

बाबा वीज मंडळाच्या अकाउंट्समधून रिटायर झालेत. भिंग घेऊन बाटली वाचली, पाकिटाच्या मागे हिशेब मांडला. ४७ दिवस, ४७ ग्रॅम तेल. सासूबाईंना म्हणाले, "तुझ्या एका भज्याला याहून जास्त लागतं." आता डबी ते स्वतः भरतात, प्रत्येक गोळीचं नाव वाचून. भाऊजींशी अजून बोललेले नाहीत, ते वेगळं.

प्रश्न उरला २५३ कॅप्सूलचा. सासूबाई म्हणतात कचरागाडीत ओल्यात टाकायच्या की सुक्यात?

भियाजी (११.०९)

माझी कोटी इतिहासात गेली. डोळे पाणावले.

दवाबाजारी काका (११.२०)

ओल्यात नाही, सुक्यात नाही. घातक कचऱ्याचा खण वेगळा असतो गाडीला, औषधं त्यात.

मालवणातून माळव्यात (११.३१)

टाकू नका गं, आमच्या सोसायटीच्या मांजरींना... नको, जाऊ दे, डॉक्टर ओरडतील. पुढच्या आठवड्यात भाऊ येतोय. गॅलरीत बसून बांगडा खाणार असशील तर ये.

सात खणांची डबी (नवीन सदस्य, मंगळवार, सकाळी ६.१०)

नमस्कार. सून झोपली आहे, तिच्या टॅबवर हा धागा उघडा होता. नातवाने खातं काढून दिलं.

दुरुस्ती: ट्रायग्लिसराइड २९० नव्हे, २८७. दिवस ४७ बरोबर, पण एका रविवारी डबी भरायची राहिली आणि ती सोमवारी भरली, म्हणून कॅप्सूल ४६. शिल्लक २५४, मी मोजल्या.

श्रीयुत नस्ती उठाठेव, श्लोकाचा अर्थ आपण बरोबर लावलात. पूर्वार्ध 'शरीरे जर्जरीभूते' असा आहे. मी अजून झालेलो नाही. चालायला निघालो आहे.